साडेपाच हजार किलोमीटरांच्या अलीकडे

अमेरिका आणि सोव्हिएत संघराज्य या दोन महासत्तांचे वकील १९६९ सालच्या नोव्हेंबरात हेलसिंकी येथे अण्वस्त्रांच्या मोजदादीसाठी प्रथम समोरासमोर बसले, तेव्हा कोणत्या अस्त्राला सामरिक म्हणून हिशेबात धरावयाचे आणि कोणत्याला वगळावयाचे, हाच पहिला वादाचा मुद्दा त्यांच्यापुढे उभा राहिला. पुढे दहा वर्षे चाललेल्या या वाटाघाटींत त्याचा निवाडा अखेर नकाशावरून झाला. अमेरिकेच्या मुख्य भूमीची ईशान्य सरहद्द आणि सोव्हिएत मुख्य भूमीची वायव्य सरहद्द यांमधील सर्वांत जवळचे अंतर सुमारे ५,५०० किलोमीटर भरते. तेव्हा जमिनीवरून सुटणारे जे क्षेपणास्त्र त्यापेक्षा लांब जाऊ शकेल ते आंतरखंडीय, आणि तेवढेच करारातील मर्यादेस पात्र, असे ठरले. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यापुरती ही व्याख्या निर्दोष होती. परंतु पॅरिस, बॉन, अंकारा, तेहरान, दिल्ली, पेकिंग, टोकियो ही सारी शहरे सोव्हिएत भूमीपासून त्या रेषेच्या अलीकडे वसलेली होती, आणि त्यांच्यावर पडू शकणारे अस्त्र कोणत्याही कोष्टकात बसत नव्हते. दोन जहागीरदारांनी आपापल्या वाड्यांमधील अंतर मोजून घ्यावे आणि त्यावरूनच वाटेवरच्या गावांचा बंदोबस्त ठरवून मोकळे व्हावे, असा तो प्रकार होता.

अण्वस्त्रनियंत्रणाच्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात मध्यम पल्ल्याच्या अस्त्रांनी जो पेच वारंवार घातला, त्याचे मूळ यंत्रविद्येत फारसे नाही. पल्ला हा क्षेपणास्त्राचा गुणधर्म दिसतो खरा. परंतु कोणता पल्ला प्राणघातक आणि कोणता दुय्यम, हे अस्त्र ठरवीत नाही, त्याच्या टप्प्यात कोण राहते यावर ते ठरते. दोन हजार किलोमीटर जाणारे क्षेपणास्त्र कॅन्सस प्रांतातील शेतकऱ्याच्या दृष्टीने परराष्ट्रीय राजकारणातील एक बाब असते, तर हॅम्बुर्गच्या रहिवाशाच्या दृष्टीने तेच जीवनमरणाचे सामरिक अस्त्र असते. दोघांच्याही सोयीचा एकच तक्ता कसा आखावा, हा प्रश्न आजतागायत समाधानकारकपणे सुटलेला नाही; एकदाच तो सुटल्यासारखा वाटला, आणि तेही तक्ता पुसून टाकल्यामुळे.

वास्तविक या वर्गातील अस्त्रांविषयीचा पहिला सौदा कोणत्याही परिषदेत झाला नाही. १९६२ च्या ऑक्टोबरात क्यूबाच्या बेटावर सोव्हिएत क्षेपणास्त्रे आढळली आणि जग युद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले, तेव्हा २७ तारखेच्या रात्री अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना असे सांगितले की, तुर्कस्थानातील अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे काही महिन्यांत हलविली जातील, मात्र याचा लेखी दाखला मिळणार नाही. क्यूबातील अस्त्रे आणि तुर्कस्थानातील अस्त्रे ही दोन्ही मध्यम पल्ल्याचीच होती. शत्रूच्या दाराशी नेऊन ठेवल्यामुळेच त्यांना एवढे महत्त्व आले होते. ज्यांच्या भूमीवरून ती उचलली गेली त्या तुर्कांना या गुप्त सौद्याची वार्ता मात्र कोणी दिली नाही. दोस्तांच्या पाठीमागे दोस्तांच्या संरक्षणाची देवघेव करण्याचा हा शिरस्ता पुढे युरोपच्या मनात किती खोल संशय पेरून गेला, हे पंधरा वर्षांनी दिसून आले.

सॉल्ट या नावाने ओळखल्या गेलेल्या वाटाघाटींत सोव्हिएत पक्षाची कैफियत अशी होती की, पश्चिम युरोपातील तळांवर आणि आसपासच्या समुद्रातील जहाजांवर जी अमेरिकन विमाने अणुबाँब घेऊन सज्ज आहेत ती आमच्या भूमीपर्यंत पोहोचतात. तेव्हा ती सामरिकच होत आणि त्यांची मोजणी झालीच पाहिजे. त्यावर अमेरिकेचे उत्तर असे की, ही विमाने आमच्या दोस्तराष्ट्रांच्या रक्षणार्थ आहेत, आणि त्यांच्यावर रोखलेली तुमची शेकडो मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे तरी कोठे मोजली जात आहेत? दोन्ही बाजू आपापल्या नकाशापुरत्या खऱ्याच बोलत होत्या. १९७२ च्या मॉस्को कराराने हा वाद बाजूला ठेवला, आणि १९७४ च्या नोव्हेंबरात व्लादिवोस्तोक येथे सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याशी दोन्ही बाजूंस प्रत्येकी २,४०० वाहकांची मर्यादा मान्य करताना ती मागणी सोडून दिली. मोठ्या तहासाठी लहान तक्रार गिळावी लागते, हा मुत्सद्देगिरीचा जुना न्याय. परंतु गिळलेली तक्रार जिरलेली नसते.

त्याच सुमारास व्होत्किन्स्क येथील कारखान्यात एक नवे क्षेपणास्त्र आकार घेत होते. सोव्हिएत लष्कर त्याला पायोनीर म्हणत असे. पाश्चात्त्य दप्तरांत त्याची नोंद एसएस-२० अशी झाली. युरोपवर रोखलेली जुनी सोव्हिएत क्षेपणास्त्रे द्रव इंधनावर चालत, उडविण्यापूर्वी त्यांत इंधन भरत बसावे लागे, आणि त्यांचा नेम बेताचाच होता. नवे अस्त्र घन इंधनाचे, चाकांच्या अजस्र वाहनावर बसवून अरण्यात कोठेही लपविता येण्यासारखे, आणि टोकाशी एकाऐवजी तीन स्वतंत्र वॉरहेड म्हणजे अणुबाँब वाहणारे होते. त्याचा पल्ला होता सुमारे ५,००० किलोमीटर, म्हणजे कराराच्या रेषेच्या किंचित अलीकडे! मुळात एसएस-१६ या आंतरखंडीय क्षेपणास्त्राचे खालचे दोन टप्पे घेऊन ते घडविलेले होते. तिसरा टप्पा काढून टाकला की सामरिक अस्त्राचे मध्यम पल्ल्याचे अस्त्र होत असे आणि मोजणीदाराच्या वहीतून ते अलगद निसटत असे. यात सोव्हिएत सरकारने कोणतेही कलम मोडले नव्हते. व्याख्येने जी वाट उघडी ठेवली होती तिच्यावरून अस्त्रांचे कारखाने सरळ चालत गेले, इतकेच.

याचा अर्थ सर्वप्रथम ओळखला तो जर्मन चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी. १९७७ च्या ऑक्टोबरात लंडनच्या आंतरराष्ट्रीय सामरिक अध्ययन संस्थेत बोलताना त्यांनी असा मुद्दा मांडला की, महासत्तांची सामरिक बळे परस्परांच्या बरोबरीला आणून गोठविली की युरोपातील विषमता अधिकच ठळक होते. न्यूयॉर्कच्या संहाराचा धोका पत्करून अमेरिका हॅम्बुर्गसाठी अण्वस्त्र उचलील काय, हा प्रश्न शिष्टाचारामुळे फार स्पष्टपणे कोणी विचारीत नसे, तरी तो सर्वांच्या मनात होता. त्यातून १२ डिसेंबर १९७९ रोजी नाटोने आपला प्रसिद्ध दुहेरी निर्णय घेतला: एकीकडे सोव्हिएत संघाशी या अस्त्रांविषयी बोलणी करावयाची, आणि ती फसल्यास १९८३ पासून पश्चिम युरोपात १०८ पर्शिंग-२ आणि ४६४ क्रूझ क्षेपणास्त्रे आणून बसवावयाची. आपण अद्याप तैनात न केलेले अस्त्र देऊन शत्रूचे तैनात झालेले अस्त्र विकत घेण्याचा हा व्यवहार होता. तो मॉस्कोला मानवला नाही यात नवल नाही.

पर्शिंगचे भय सोव्हिएत सेनापतींना क्रूझपेक्षा कितीतरी अधिक वाटे. क्रूझ क्षेपणास्त्र हे वैमानिकावाचून उडणारे मंदगती विमानच. त्याला इष्टस्थळी पोहोचण्यास तास लागत. आंतरखंडीय क्षेपणास्त्राला अमेरिकेतून रशियापर्यंत येण्यास सुमारे अर्धा तास लागतो, आणि तेवढ्या अवधीत राज्यकर्त्यांना जागे करणे, इशारा खरा की खोटा याची शहानिशा करणे, हुकूम देणे या गोष्टी निदान कागदावर तरी बसतात. पश्चिम जर्मनीतून सुटलेले पर्शिंग-२ दहा मिनिटांच्या आसपास सोव्हिएत भूमीवर आदळू शकत होते, आणि त्याचा नेम इतका अचूक होता की जमिनीखालील हुकूमकक्षही सुरक्षित राहू नयेत. त्याचा पल्ला १,८०० किलोमीटर असल्यामुळे ते मॉस्कोपर्यंत पोहोचत नाही असे अमेरिका शपथेवर सांगत असे. सोव्हिएत पक्ष त्यावर विश्वास ठेवीत नसे. पल्ला कमी म्हणून धोका कमी, ही समजूत येथे पूर्णपणे उलटते. जवळच्या अस्त्राने विचार करण्यास उसंतच उरत नाही, आणि ज्याला उसंत नाही तो चुकून बाँब टाकण्याचा संभव अधिक. सेनापतींच्या हिशेबात ही उसंत कोठे मोजली जात नव्हती. आमच्या मते तीच सर्वांत मौल्यवान वस्तू होती.

बोलणी १९८१ च्या अखेरीस जिनिव्हा येथे सुरू झाली. अमेरिकेच्या वतीने पॉल नीत्झे हे मुरलेले मुत्सद्दी, तर सोव्हिएत पक्षातर्फे युली क्विट्सिन्स्की. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सुरुवातीसच शून्याचा पर्याय पुढे केला होता: तुम्ही आपली सारी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे मोडून टाका, आम्ही आमची आणणार नाही. सोव्हिएत पक्ष हे मान्य करणार नाही अशी खात्री असल्यामुळेच हा प्रस्ताव मांडला गेला, असे त्या काळी अनेक जाणत्यांचे मत होते. महिनोन्महिने एकही पाऊल पुढे पडेना, तेव्हा १९८२ च्या जुलैत एके दिवशी हे दोघे वकील आपापले लवाजमे मागे ठेवून जुरा पर्वतातील सँ-सेर्ग गावाजवळ फिरावयास गेले, आणि एका पडलेल्या ओंडक्यावर बसून, राजधान्यांकडून कोणताही अधिकार नसताना, त्यांनी आपापसांत एक मसुदा उभा केला. युरोपात प्रत्येकी ७५ प्रक्षेपक. सोव्हिएत प्रक्षेपकावर तीन वॉरहेडचे एसएस-२०, अमेरिकन प्रक्षेपकावर चार क्रूझ. पर्शिंग-२ अजिबात आणावयाचे नाही. आणि आशियातील एसएस-२० ची संख्या ९० वर गोठवावयाची. पाऊस सुरू झाल्यावर मोटारीत बसून त्यांनी उरलेली कलमे पुरी केली.

दोन्ही राजधान्यांनी तो मसुदा नामंजूर केला. वॉशिंग्टनमध्ये आक्षेप असा की, त्यांच्याकडे वेगवान क्षेपणास्त्रे राहावीत आणि आपल्याकडे केवळ मंदगती क्रूझ, ही कसली बरोबरी? मॉस्कोने तर वकिलालाच आवर घातला. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते त्या ओंडक्यावरील तोडगा हा या विषयातील सर्वांत शहाणपणाचा कागद होय. कारण त्यात प्रथमच संख्येच्या बरोबरीपेक्षा उसंतीला अधिक किंमत दिलेली होती. ज्या अस्त्रामुळे निर्णयाची मिनिटे कमी होतात ते वगळावे, जे सावकाश जाते ते चालू द्यावे, या तत्त्वाचा पुढे कोणी पाठपुरावा केला नाही. त्या भेटीवर ली ब्लेसिंग या अमेरिकन नाटककाराने ‘अ वॉक इन द वूड्स’ हे नाटक लिहिले. मुंबईच्या मोटली या नाट्यसंस्थेने रत्ना पाठक शाह यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचे रूपांतर रंगभूमीवर आणले, तेव्हा दोन्ही वकील भारतीय आणि पाकिस्तानी झाले, आणि नसीरुद्दीन शाह व रजित कपूर यांनी ते उभे केले. रूपांतर करणाऱ्यांना फारसे काही ओढूनताणून बसवावे लागले नसावे.

जिनिव्हाच्या टेबलावर आणखी एक पाहुणा अदृश्यपणे बसलेला असे. ब्रिटनच्या चार पाणबुड्यांवर ६४ आणि फ्रान्सच्या पाणबुड्यांवर व जमिनीवर मिळून ९८, अशी १६२ क्षेपणास्त्रे सोव्हिएत भूमीवर रोखलेली होती. १९८२ च्या डिसेंबरात नवे सोव्हिएत नेते अँड्रोपोव्ह यांनी प्रस्ताव मांडला की, आम्ही युरोपातील एसएस-२० नेमके तितकेच ठेवतो. लंडन आणि पॅरिस यांनी तो तात्काळ फेटाळला: ही आमची स्वतंत्र आणि अंतिम रक्षणाची साधने आहेत, ती अमेरिकेच्या खात्यात कोणाच्या परवानगीने मांडता? कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर होते, आणि मॉस्कोवर बाँब पडला तर तो कोणाच्या मुद्रेचा होता याने काय फरक पडतो, हा सोव्हिएत प्रश्नही तितकाच बिनतोड होता. दोघांच्या करारात तिसऱ्याचे बळ कसे धरावे याचे उत्तर त्या वेळी कोणालाच सापडले नाही, आणि आज तिसऱ्याच्या जागी चीन उभा आहे.

आशियाचे प्रकरण याहून निराळे. युरोपातील एसएस-२० उरल पर्वतापलीकडे नेली म्हणजे युरोपचे काम झाले, असे कोणाला वाटले असते. पण ती तेथून जपानवर आणि चीनवर रोखली गेली असती, आणि चाकांवरचे अस्त्र ज्या रस्त्याने पूर्वेस गेले त्याच रस्त्याने पुन्हा पश्चिमेस येऊ शकत होते. जपानचे पंतप्रधान नाकासोने यांनी हा मुद्दा लावून धरला, आणि १९८३ च्या मे महिन्यात विल्यम्सबर्ग येथील सात राष्ट्रांच्या परिषदेच्या निवेदनात सुरक्षितता अविभाज्य असल्याचे कलम आले. त्याच वर्षी २२ नोव्हेंबर रोजी पश्चिम जर्मनीच्या संसदेने रस्त्यावरील प्रचंड निदर्शनांना न जुमानता पर्शिंगला मंजुरी दिली, आणि दुसऱ्या दिवशी सोव्हिएत वकील जिनिव्हा सोडून निघून गेले.

पुढला मार्ग उघडला तो सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी. रेक्याविक येथे १९८६ च्या ऑक्टोबरात युरोपात शून्य आणि उर्वरित सोव्हिएत प्रदेशात व अमेरिकेत प्रत्येकी शंभर वॉरहेड, इथवर मजल गेली. १९८७ च्या जुलैत ते शंभरही सोडून देण्यात आले. वाटेत दोन खडे होते. पश्चिम जर्मनीच्या मालकीची, परंतु अमेरिकन वॉरहेडची ७२ जुनी पर्शिंग क्षेपणास्त्रे चॅन्सेलर कोल यांनी ऑगस्टात स्वेच्छेने सोडून देण्याचे जाहीर केले. सोव्हिएत बाजूस ओका नावाचे क्षेपणास्त्र, ज्याचा पल्ला त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे ४०० किलोमीटर म्हणजे करारातील ५०० च्या किमान मर्यादेखाली होता, तेही गोर्बाचेव्ह यांनी मोडावयास दिले; त्याचा सल त्यांच्या सेनाधिकाऱ्यांच्या मनात अखेरपर्यंत राहिला. ८ डिसेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टन येथे झालेल्या तहनाम्याने जमिनीवरून सुटणारी ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची सर्व क्षेपणास्त्रे, मग ती अण्वस्त्रवाही असोत वा साध्या स्फोटकांची, उभय पक्षांनी नष्ट करावयाची ठरली, आणि १९९१ च्या १ जूनपर्यंत २,६९२ नष्ट झाली: सोव्हिएत १,८४६, अमेरिकन ८४६.

या यशाचे रहस्य शून्यात होते. शंभर क्षेपणास्त्रे ठेवण्यास मुभा असली की एकशेएकावे कोणते हे शोधत बसावे लागते. एकही ठेवण्यास मुभा नसली की एक दिसताच कराराचा भंग सिद्ध होतो. तरीही तपासणीचा जाबता अभूतपूर्व होता. व्होत्किन्स्कच्या कारखान्यात आता ज्या टोपोल नावाच्या आंतरखंडीय क्षेपणास्त्राचे उत्पादन होत होते, त्याचा पहिला टप्पा बाहेरून एसएस-२० च्या पहिल्या टप्प्यासारखाच दिसे. म्हणून त्या कारखान्याच्या फाटकाशी अमेरिकन तपासनीस तेरा वर्षे मुक्काम ठोकून राहिले आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोठ्या पेटाऱ्याची मापे घेत राहिले. काहींच्या आत क्ष-किरणांनी डोकावण्याचा अधिकारही त्यांना होता. तसेच सोव्हिएत तपासनीस युटा राज्यातील मॅग्ना येथे राहिले. पाव शतकाहून अधिक काळ परस्परांचे तळ उपग्रहांतून न्याहाळणारी राष्ट्रे आता एकमेकांच्या उपाहारगृहात जेवू लागली.

परंतु या तहात समुद्र आणि आकाश वगळलेले होते. टॉमहॉक हे अमेरिकन क्रूझ क्षेपणास्त्र जहाजावर असले तर कायदेशीर, मालमोटारीवर असले तर बेकायदेशीर. २०१५ च्या ऑक्टोबरात रशियाने कॅस्पियन समुद्रातील लहान युद्धनौकांवरून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर सीरियावर २६ कालिबर क्षेपणास्त्रे सोडली, तेव्हा हा फरक किती नाममात्र उरला आहे हे सर्वांच्या लक्षात आले. तत्पूर्वीच, २०१४ मध्ये, अमेरिकेने रशियावर जमिनीवरील क्रूझ क्षेपणास्त्राची निषिद्ध चाचणी केल्याचा आरोप ठेवला होता. ९एम७२९ या नावाच्या त्या अस्त्राचा पल्ला ४८० किलोमीटरच असल्याची रशियाची कैफियत होती. उलटपक्षी रुमानियातील देवेसेलू येथील अमेरिकन क्षेपणास्त्ररोधक तळावरील नळ्यांमधून टॉमहॉकही सोडता येते, असा त्यांचा प्रत्यारोप होता. अमेरिकेने तो नाकारला. अमेरिका बाहेर पडल्याने २ ऑगस्ट २०१९ रोजी तह संपुष्टात आला, आणि सोळा दिवसांनी कॅलिफोर्निया किनाऱ्याजवळच्या बेटावरून अमेरिकेने टॉमहॉक जमिनीवरून सोडून पाहिले, ते त्याच जातीच्या नळीतून. रशियाची तक्रार निराधार होती असे म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी जरा मौन पाळावयास हवे होते.

रशियाने तह मोडला हे अमेरिकेचे कारण खरे असले, तरी ते एकटे नव्हते. ज्या वर्गातील अस्त्रे या दोघांनी वितळवून टाकली, नेमक्या त्याच वर्गात चीनने तीस वर्षांत आपले प्रमुख बळ उभे केले. चीन या तहाचा पक्षकार असता तर त्याच्या क्षेपणास्त्रांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक निषिद्ध ठरली असती, अशी साक्ष पॅसिफिक क्षेत्राचे अमेरिकन सेनापती ॲडमिरल हॅरिस यांनी २०१७ मध्ये दिली होती. त्यांतील सुमारे ४,००० किलोमीटर पल्ल्याचे डीएफ-२६ हे तर अणुबाँब आणि साधे स्फोटक यांपैकी कोणतेही वाहू शकते. ते उडताना पाहणाऱ्याला आत काय आहे हे कळण्याचा मार्ग नाही. चीनचे म्हणणे असे की, जगातील सुमारे नव्वद टक्के अण्वस्त्रे अमेरिका आणि रशिया यांच्यापाशी आहेत; त्यांनी आमच्या पातळीवर खाली यावे, आम्ही दुसऱ्याच दिवशी चर्चेस बसू. यात पुष्कळ चातुर्य आहे, पण निव्वळ चातुर्य नाही. अण्वस्त्रांच्या एकूण संख्येत चीन मागे, मध्यम पल्ल्यात प्रबळ; अमेरिकेचे उलट. प्रत्येकजण दुसऱ्याच्या बलस्थानापुरता निःशस्त्रीकरणवादी असतो.

त्यामुळे आज दोन पक्षांचा तराजू निरुपयोगी झाला आहे. अमेरिकेने चीनच्या बरोबरीने मध्यम पल्ल्याची अस्त्रे ठेवावयाची म्हटले तर ती ठेवणार कोठे? स्वतःच्या भूमीवरून ती पोहोचत नाहीत. त्यासाठी दुसऱ्याची भूमी लागते. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिने टायफॉन ही प्रक्षेपकप्रणाली फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावर नेली, त्यात चीनला तुर्कस्थानातील ज्युपिटरचाच अवतार दिसला असल्यास नवल नाही. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला रशियाने ओरेश्निक हे नवे मध्यम पल्ल्याचे क्षेपणास्त्र, अणुबाँबविना, युक्रेनच्या द्नीप्रो शहरावर सोडले; आणि २०२५ च्या ऑगस्टात, तह संपल्यानंतर स्वतःहून पाळलेला तैनातीवरील संयम आपल्यावर यापुढे बंधनकारक नाही, असे रशियन परराष्ट्रखात्याने जाहीर केले. सामरिक अस्त्रांवरील उरलासुरला न्यू स्टार्ट करार, ज्याची मुदत २०२६ च्या ५ फेब्रुवारीपर्यंतच होती, त्यातही मध्यम पल्ल्याचा शब्द नव्हता.

आपल्या उपखंडात येताच हा सारा तक्ता कोलमडतो. दिल्ली ते लाहोर हे अंतर ५०० किलोमीटरांहूनही कमी, म्हणजे १९८७ च्या तहाने ज्याची दखलच घेतली नसती इतके. मुंबई ते कराची हवाई अंतर ९०० च्या आत. पृथ्वीसारखे अल्प पल्ल्याचे अस्त्र येथे राजधान्यांचे भवितव्य ठरवू शकते, आणि अग्नी-१ पासून अग्नी-४ पर्यंतची भारताची क्षेपणास्त्रे त्या तहाच्या भाषेत सर्वच्या सर्व निषिद्ध वर्गात मोडतात. पाकिस्तानचे सर्वांत लांब जाणारे शाहीन-३ हेही २,७५० किलोमीटरांचे. अंदमान-निकोबार बेटेही टप्प्याबाहेर राहू नयेत म्हणून ते घडविले, असे त्या देशाच्या अण्वस्त्रव्यवस्थेचे दीर्घकाळ प्रमुख राहिलेले जनरल किडवाई यांनीच २०१५ मध्ये सांगितले. २००७ च्या ऑक्टोबरात अमेरिका आणि रशिया यांनी संयुक्त राष्ट्रसंघात इतर राष्ट्रांना या तहात सामील होण्याचे संयुक्त आवाहन केले, तेव्हा आपली आंतरखंडीय अस्त्रे आणि पाणबुड्या शाबूत राखून त्यांनी भारताकडे व पाकिस्तानकडे त्यांचे जवळजवळ संपूर्ण क्षेपणास्त्रबळ मागितले होते. अशा आवाहनास उत्तर न मिळणे स्वाभाविक होते.

मोडण्याचे तह येथे शक्य नाहीत. कळविण्याचे शक्य आहेत. ३ ऑक्टोबर २००५ रोजी इस्लामाबाद येथे झालेल्या करारान्वये भारत आणि पाकिस्तान बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची सूचना किमान तीन दिवस आधी एकमेकांस देतात, आणि युद्धप्रसंगांच्या सावटातही हा शिरस्ता बहुतांशी टिकला आहे. मात्र क्रूझ क्षेपणास्त्रे त्यातून वगळलेली आहेत. ९ मार्च २०२२ रोजी असेच एक भारतीय क्रूझ क्षेपणास्त्र, ब्राह्मोस, तांत्रिक चुकीने सुटून पाकिस्तानातील मियाँ चन्नूजवळ पडले. त्यात अणुबाँब नव्हता आणि सुदैवाने कोणी दगावले नाही. अशा अपघाताची वार्ता त्या क्षणी कोणी, कोणास, कोणत्या तारेवरून द्यावयाची, याचे एखादे कलम २००५ च्या करारनाम्यास जोडणे हे दोन्ही सरकारांच्या आवाक्यातील काम आहे, आणि त्यासाठी कोणाला एकही क्षेपणास्त्र मोडावे लागत नाही. चीन आणि रशिया यांनी २००९ मध्ये परस्परांस प्रक्षेपणाची आगाऊ सूचना देण्याचा करार केला आणि २०२० मध्ये तो वाढविला. क्षेपणास्त्रप्रसाराविरुद्धच्या हेग आचारसंहितेत भारत २०१६ मध्ये दाखल झाला. चीन आणि पाकिस्तान तिच्या बाहेर आहेत. भारत आणि चीन यांच्यामध्ये मात्र असा उभयपक्षी लेखी जाबता नाही, आणि अग्नी-५ ची पहिली चाचणी होऊन, म्हणजे पेकिंग भारतीय टप्प्यात आल्यालाही, आता दशकाहून अधिक काळ लोटला आहे.